वाचकांचे प्रश्न : चवड्यात दबलेली नस

टाच दुखते म्हटले की चार जण चार उपाय सांगतात. चवडा दुखतो म्हटले की मात्र ‘चप्पल बदला’ एवढ्यावर बोलणे संपते. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणती चप्पल घ्यायची, गादी नेमकी कुठे लावायची आणि मुळात हे दुखणे नसेचेच आहे का, हे पेशंटला कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून बोटांच्या मुळाशी होणारी आग, मुंग्या आणि कळा यांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बोटे मोजताना अंगठा पहिला आणि करंगळी पाचवी धरली आहे.

प्रश्न : वय ४७, शिक्षिका, सातारा. आठ महिन्यांपासून उजव्या पायाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये आग होते. दुसऱ्या तासापासून चपलेत खडा गेल्यासारखे वाटते. काढून झटकावी तर काही नसते. बोटे चोळली की पाच मिनिटांत बरे वाटते. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. सोनोग्राफीत ‘मॉर्टन्स न्यूरोमा, ६ मिलिमीटर’ असे आले आहे. न्यूरोमा म्हणजे गाठच ना? कॅन्सरची तर नसेल?

उत्तर : कॅन्सर नाही, आणि पुढे त्याचा कॅन्सर होईल ही भीतीही काढून टाका. ‘न्यूरोमा’ हे नावच घोटाळा करते. पेशी बेसुमार वाढून झालेली ही गाठ नव्हे. सतत दबून आणि घासून नसेभोवती जमलेला तो चिवट थर असतो. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसा हा नसेला पडलेला घट्टा समजा.

चवड्यात पाच लांब हाडे असतात आणि त्यांची गोल टोके बोटांच्या मुळाशी येतात. ही टोके एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांना बांधून ठेवणारा आडवा, चिवट पट्टा असतो. बोटांकडे जाणारी नस या पट्ट्याच्या खालून जाते आणि बेचकीत तिचे दोन फाटे होतात. एक फाटा तिसऱ्या बोटाच्या कडेला, दुसरा चौथ्याच्या. चालताना टाच उचलली की बोटे वर वळतात, नस ताणली जाते आणि पट्ट्याच्या कडेवर दाबली जाते. त्याच वेळी खालून जमीन रेटते. त्यात पादत्राण पुढून निमुळते असेल तर बाजूची हाडेही आवळतात. तुम्ही चप्पल काढून बोटे चोळता तेव्हा हे तिन्ही दाब एकदम सुटतात, म्हणून पाच मिनिटांत बरे वाटते. आम्हाला तुमच्या पत्रातली हीच खूण सगळ्यात महत्त्वाची वाटली.

तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्येच हे जास्त का होते? तळव्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नसांचे फाटे पुष्कळांच्या पायात याच फटीत एकत्र येतात, त्यामुळे इथली नस जाड असते. शिवाय चौथे हाड तिसऱ्यापेक्षा जास्त हलते. त्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमध्ये होते. पहिल्या किंवा चौथ्या फटीत दुखत असेल तर आधी दुसरे कारण शोधावे.

६ मिलिमीटर या आकड्याने घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या सोनोग्राफीत असा जाडसरपणा दिसतो. निदान ठरते ते हाताने तपासून. डॉक्टर एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याकडून त्या फटीत दाब देतात. तुमची ओळखीची कळ उठली, किंवा बोटाखाली ‘टक्’ असे काही सरकले, तर नसेचा संशय पक्का होतो. १९५१ साली मुल्डर यांनी ही खूण मांडली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखतात. दाब फटीत द्यायचा, हाडावर नाही. हाडावर दाबून दुखले तर ते दुखणे सांध्याचे किंवा हाडाचे असण्याची शक्यता जास्त.

ज्यांचे नाव या आजाराला आहे ते फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली हे दुखणे चौथ्या बोटाच्या सांध्याचे मानले होते. नसेचा दोष त्याआधीच, १८४५ साली, इंग्लंडमधले पायांचे उपचार करणारे लुईस डर्लाकर यांनी ओळखला होता. सांधा की नस हा घोटाळा इतका जुना आहे, म्हणून एका भेटीत निदान झाले नाही तरी धीर सोडू नका.

प्रश्न : वय ५२, औषधाच्या दुकानात दिवसभर उभे राहणे, नाशिक. याच आजारासाठी डॉक्टरांनी मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याच्या हाडांना आधार देणारी छोटी गादी, लावायला सांगितले. सिलिकॉनची गादी आणून दुखते बरोबर त्याच जागी चिकटवली. चार दिवसांत दुखणे दुप्पट झाले. गादी हलक्या प्रतीची आहे का?

उत्तर : गादी बहुधा ठीक आहे, जागा चुकली आहे. ही चूक इतक्या जणांकडून होते की डॉक्टरांनी चिठ्ठीवर चित्र काढूनच द्यायला हवे.

दुखते तिथे मऊ काही ठेवावे, हे मनाला पटते. पण इथे दुखणारी वस्तू आधीच चेपलेली आहे. तिच्याखाली उंचवटा ठेवला की ती आणखी वर, पट्ट्यावर दाबली जाते. गादी दुखऱ्या जागेच्या मागे, म्हणजे टाचेच्या बाजूला हवी. तिथे ती हाडांच्या दांड्यांना खालून आधार देते, टोकांवरचा भार कमी करते आणि हाडे किंचित फाकवते. नसेला तेवढीच मोकळीक पुरते.

जागा अशी शोधा. बुटातले आतले अस्तर, म्हणजे इनसोल, बाहेर काढा. पाय हातात घेऊन बोटे वर वळवा. तळव्याकडून हाडांची गोल टोके हाताला लागतात. सगळ्यात दुखऱ्या जागी ओल्या कुंकवाचा किंवा लिपस्टिकचा वाटाण्याएवढा ठिपका लावा. टाच इनसोलच्या टाचेत नीट बसवून त्यावर उभे राहा आणि पाय सरळ वर उचला. इनसोलवर ठिपका उमटतो. आता गादीची पुढची कड त्या ठिपक्याच्या ५ ते ८ मिलिमीटर मागे येईल अशी ठेवा. लगेच चिकटवू नका, कागदी चिकटपट्टीने बसवा. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर, असे वाढवत न्या. आधी पायाखाली सुपारी आल्यासारखे वाटेल. ते तीन-चार दिवसांत विसरायला होते. बोटांत मुंग्या वाढल्या तर गादी २-३ मिलिमीटर टाचेकडे सरकवा. तळव्याच्या कमानीत टोचू लागली तर तेवढीच पुढे घ्या. जागा जमल्यावरच कायमची चिकटवा. सुरुवातीला ४ ते ६ मिलिमीटर उंची पुरते. याहून जाड गादी बूट आतून अरुंद करते आणि सगळा फायदा घालवते. दोन्ही पायांना घालायची असली तर ठिपका दोन्हीकडे वेगळा घ्या. एका पायाच्या मापाने दुसरी लावू नका.

पण बूटच अरुंद असेल तर गादी काय करणार? संध्याकाळी, पाय थोडे पसरलेले असताना, कागदावर उभे राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि बूट त्या आकृतीवर ठेवा. आकृती बाहेर डोकावली तर तो बूट तुमचा नाही. टाचेची उंची अडीच सेंटिमीटरच्या आत असावी. तळ हातात धरून वाकवून पाहा; तो बोटांच्या सांध्यापाशी थोडा वाकावा, पण मधोमध कागदासारखा दुमडू नये. तळ जितका कडक तितकी बोटे कमी वळतात आणि नस कमी ताणली जाते. लेसच्या बुटात बोटांजवळची पहिली दोन भोके रिकामी ठेवून तिसऱ्यापासून लेस ओवली तर चवड्याला फुकटात जागा मिळते.

तुम्ही उभे राहता तिथे, काउंटरच्या आत, फरशीवर दीड-दोन सेंटिमीटर जाडीची रबरी चटई घाला. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार येतो, म्हणून भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवून पोटरी ताणा. एका वेळी ३० सेकंद, तीन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. एवढे सगळे नीट केले तरी सहा ते बारा आठवडे द्यावे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून गादी फेकून देऊ नका.

प्रश्न : वय २१, पोलीस भरतीची तयारी, बीड. १६०० मीटरसाठी रोज डांबरी रस्त्यावर धावतो. तीन आठवड्यांपासून डाव्या चवड्यावर सूज आणि दुखणे आहे. इंटरनेटवर वाचून मॉर्टन्स न्यूरोमा असावा असे वाटते. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आहे. गोळी घेऊन धावलो तर चालेल का?

उत्तर : धावू नका. तुमचे वर्णन नसेच्या दुखण्याशी जुळत नाही. न्यूरोमात पायाच्या वरच्या बाजूला सूज दिसत नाही आणि दुखणे तळव्याकडून बोटांत जाते. तुम्हाला पायावरून, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची दाट शक्यता आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी कवायत करणाऱ्या सैनिकांच्या पायांत हेच पाहिले होते. व्यायाम एकदम वाढवला की हाड स्वतःला मजबूत करण्याआधीच थकते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. म्हणून आधी काढला असेल तर आता पुन्हा काढा. तरीही शंका राहिली तर एमआरआय. निदान पक्के झाले की सहा ते आठ आठवडे धावणे बंद आणि कडक तळाचा बूट. तोवर दम टिकवण्यासाठी सायकल किंवा पोहणे, तेही दुखत नसेल तरच. रक्तातले ड जीवनसत्त्व तपासून घ्या. वेदनाशामक गोळी घेऊन धावलात तर चिरेचे पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकते, आणि मग या भरतीबरोबर पुढचीही हातची जाईल. दोन महिन्यांचा हिशेब आमच्याही लक्षात आहे, म्हणूनच तपासणी या आठवड्यात करा.

प्रश्न : वय ६३, निवृत्त, नागपूर. १४ वर्षे मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. दोन्ही तळव्यांची रात्री आग होते, बोटे बधिर वाटतात. शेजाऱ्यांना न्यूरोमाचे इंजेक्शन देऊन बरे वाटले. मीही घ्यावे का?

उत्तर : नाही. दबलेल्या नसेचे दुखणे साधारण एका पायात, एका बेचकीत, चालताना वाढणारे आणि बसल्यावर कमी होणारे असते. दोन्ही पायांत, सगळ्या बोटांत, मोजे घातल्यासारखे आणि रात्री अंथरुणात वाढणारे दुखणे हे मधुमेहाने नसांवर केलेल्या परिणामाचे लक्षण असते. डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची जाणीव तपासून घ्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, तिच्याबरोबर बी १२ जीवनसत्त्वाची पातळीही पाहा. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने ती खाली येते आणि शाकाहारी माणसात आणखी खाली. ती कमी निघाली तर बी १२ च्या गोळ्यांचा खरा उपयोग आहे. (पट्ट्याखाली चेपलेल्या नसेवर मात्र त्या चालत नाहीत, तरी महिनोन्‌महिने घेतल्या जातात.) त्वचेवर कुठे बधिर, फिकट चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोगातही पायाच्या नसा जातात आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

आग थांबावी म्हणून गरम पाण्यात पाय बुडवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. पाणी नेहमी कोपराने तपासा, आणि रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहा.

प्रश्न : वय ५५, गृहिणी, डोंबिवली. न्यूरोमासाठी एक स्टेरॉइड इंजेक्शन घेतले, तीन महिने छान गेले, आता पुन्हा दुखते. किती वेळा घेता येते?

उत्तर : दुसरे विचारपूर्वक घ्यावे, तिसऱ्याच्या पुढे जाऊ नये. स्टेरॉइड सूज आणि आग कमी करते, पट्टा सैल करत नाही. तुमचे तीन महिने चांगले गेले यावरून निदान बहुधा बरोबर आहे एवढे कळले. त्या तीन महिन्यांत पादत्राण बदलले होते का? बदलले नसेल तर आधी ते करा. इंजेक्शन पायाच्या वरच्या बाजूने, शक्यतो सोनोग्राफीत सुई पाहत द्यावे.

वारंवार दिल्यास चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजते आणि ती परत येत नाही. मग हाडे थेट जमिनीवर आपटतात. कातडीवर पांढरा डागही पडू शकतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, घरी मोजत राहा. आणखी एक, जे सुटून जाते : इंजेक्शनपूर्वी उभे राहून बोटांकडे पाहा. दुसरे बोट वर उचललेले किंवा अंगठ्याकडे सरकलेले असेल, तर सांध्याखालचा आधाराचा पडदा फाटत असू शकतो. त्याचे दुखणे न्यूरोमासारखेच वाटते, पण तिथे स्टेरॉइड दिल्यास पडदा आणखी कमजोर होतो.

प्रश्न : वय ३९, पुणे. रोज २४ सूर्यनमस्कार घालते. न्यूरोमाचे निदान झाल्यापासून मागे नेलेल्या पायाची बोटे दुमडली की वीज चमकल्यासारखी कळ येते. सोडावेच लागतील का?

उत्तर : सोडू नका, बदला. मागचा पाय नेताना बोटे दुमडण्याऐवजी पावलाची वरची बाजू जमिनीवर टेकवा. शरीर सरळ रेषेत घेतानाही बोटांवर जोर येतो, तिथे गुडघे टेका. खरे तर व्यायामापेक्षा स्वयंपाकघरात आणि अंगणात टाचा उचलून, चवड्यावर उकिडवे बसणे नसेला जास्त त्रास देते. भाजी निवडायला, रांगोळी काढायला पाटावर किंवा ठेंगण्या स्टुलावर बसा. वज्रासनात पाऊल पालथे असते, त्याने चवड्यावर भार येत नाही.

प्रश्न : वय ५०, कोल्हापूर. कोल्हापुरी चप्पल घालावी की नाही?

उत्तर : पुढून मोकळी असल्याने ती बोटे आवळत नाही, हे तिच्या बाजूचे. पण तळ पातळ आणि कडक, त्यावर चवडा दणकतो, आणि सैल झालेली चप्पल पडू नये म्हणून बोटे सतत आखडून धरली जातात. लग्नकार्यापुरती घाला. रोजच्या चालण्याला मागे पट्टा असलेली, एमसीआर रबराची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) रुंद चप्पल बरी. तिच्यावरही कारागिराकडून वर सांगितलेल्या जागी गादी बसवून घेता येते.

प्रश्न : वय ५८, बेळगाव. वर्षभर सगळे करून झाले, दोन इंजेक्शनेही झाली. आता ऑपरेशन सांगितले आहे. नस कापून टाकणार म्हणतात. पाय लुळा पडेल का?

उत्तर : पाय लुळा पडणार नाही. ही नस फक्त स्पर्शाची आहे, बोटे हलवणारी नाही. ती काढल्यावर त्या दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू कायमच्या बधिर राहतात. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही, पण हे आधी माहीत असावे.

ऑपरेशन घोट्यापाशी भूल देऊन होते. पायाच्या वरून बेचकीच्या मागे तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात, पट्टा सोडवतात आणि नस भार येणाऱ्या जागेच्या बरीच मागे नेऊन कापतात. मागे का, हे सर्जनना जरूर विचारा. कापलेल्या टोकाला पुन्हा गाठ होऊ शकते, आणि ते टोक चवड्याखालीच राहिले तर दुखणे आधीपेक्षा वाईट परत येते. काही सर्जन नस न कापता फक्त पट्टा सोडवतात; नस फार जाड नसेल तर तो पर्याय चर्चा करण्यासारखा आहे. तळव्यातून छेद घेतल्यास व्रण भाराखाली येतो, म्हणून पहिल्या वेळी वरूनच बरे.

त्याच दिवशी टाचेवर भार देणाऱ्या खास बुटाने चालता येते. पहिले तीन दिवस पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात, तोवर जखम भिजू द्यायची नाही. रुंद बूट तीन ते सहा आठवड्यांत, लांब चालणे त्यानंतर. बहुतेकांना चांगला आराम पडतो, सगळ्यांना नाही. धूम्रपान करत असाल तर ऑपरेशनच्या आधीच थांबवा, जखम भरायला तेच आड येते.

प्रश्न : वय ३४, रत्नागिरी. सासूबाई म्हणतात जोडव्यांमुळे नस दबली. काढून ठेवू का?

उत्तर : जोडवे बोटावर असते आणि नस दबते ती त्याच्या मागे, हाडांच्या टोकांपाशी. त्यामुळे न्यूरोमाचे खापर जोडव्यावर फोडता येत नाही. पण बंद बुटात जाड जोडवे शेजारच्या बोटाला रेटते आणि आधीच कमी असलेली जागा अडवते. बूट घालायच्या दिवशी काढून ठेवा किंवा पातळ वेढणे वापरा. एमआरआय आणि ऑपरेशनच्या आधी ती काढावीच लागतात. सूज असताना निघत नसतील तर सकाळी उठल्याउठल्या, पाय थोडा वेळ वर ठेवून, साबण लावून फिरवत काढा.